दहा रुपयांचा मतदार आणि एक विद्यापीठ
(महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे जीवनकार्य)

इ. स. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर खटला चालला. समाजाच्या भीतीने तिने आपल्या नवजात बालकाचा जीव घेतला होता. तिला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली, आणि पुढे अपिलात ती कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर जी टीका झाली तिने आपल्या बुलडाण्यातील एक बाई पेटून उठली. ती म्हणजे ताराबाई शिंदे. १८८२ साली त्यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापून निघाले. विधवेने जगायचे कसे, हा प्रश्न त्यांनी साऱ्या महाराष्ट्राला विचारला. त्या प्रश्नाला उत्तर द्यायला त्या वेळी फारसे कोणी पुढे आले नाही, आणि ताराबाईंनी पुन्हा पुस्तक लिहिले नाही.

ज्या साली हे पुस्तक निघाले त्या साली कोकणातला एक गरीब, बुटका, लाजाळू तरुण मुंबईत शिकवण्या करून कॉलेजचे शिक्षण घेत होता. त्याने ते पुस्तक वाचले होते की नाही, यावर माझा मुद्दा अवलंबून नाही. परंतु ताराबाईंच्या प्रश्नाला शब्दांनी नव्हे तर कृतीने उत्तर देण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले त्यांत या तरुणाचे नाव घ्यावेच लागते. पुढे त्याने हिंदुस्थानातले पहिले महिला विद्यापीठ स्थापिले. हा तरुण म्हणजेच महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांच्या चरित्रात मला सर्वांत अधिक नवल वाटले ते त्यांनी विद्यापीठ काढले याचे नव्हे, तर ते ज्या रीतीने काढले त्याचे. त्या रीतीविषयीच मुख्यत्वे लिहावयाचे आहे.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. घर दापोलीजवळच्या मुरूडचे. घराण्याचे जुने वैभव ओसरले होते आणि वडील दुसऱ्याच्या चाकरीत होते. गावातील सोमण गुरुजींनी या मुलाला एक काम लावून दिले होते. देवीच्या देवळात जमलेल्या गावकऱ्यांना त्याने रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही जगात काय चालले आहे हे कळले पाहिजे, हा पहिला धडा त्यांना कोणत्याही पुस्तकातून नव्हे तर या देवळाच्या ओट्यावर मिळाला.

सहावीची सरकारी परीक्षा त्या वेळी मोठी मानली जाई. तिच्यासाठी मुरूडहून साताऱ्यास जायचे होते. भर पावसाळ्याचे दिवस होते. मुलांनी शंभर मैलांहून अधिक वाट कुंभार्ली घाटाने पायी तुडवली. साताऱ्यास पोचल्यावर परीक्षा घेणाऱ्यांनी कर्व्यांकडे पाहिले आणि हा मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना बसूच दिले नाही. वय भरत होते, पण अंगकाठी भरत नव्हती! आल्या पावली त्यांना परतावे लागले. पुढच्या खेपेस कोल्हापूर केंद्रातून ते उत्तीर्ण झाले. दारातून परत पाठवणे म्हणजे काय असते हे ते तेव्हा शिकले असावेत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

१८८१ साली ते मॅट्रिक झाले, आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले. मुंबईत शाळांतून आणि शिकवण्यांतून गणित शिकवीत असतानाच त्यांनी मुरूड फंड काढला. गावाबाहेर नोकरीधंद्यास गेलेल्या मुरूडकरांनी आपल्या उत्पन्नाचा एक लहानसा ठरावीक वाटा गावाच्या कामासाठी बाजूला काढावा, अशी ती योजना होती. पुढे गावात इंग्रजी शाळा निघण्यास या फंडाचा उपयोग झाला. एका धनिकाने हजार रुपये देण्यापेक्षा हजार माणसांनी एकेक रुपया द्यावा, म्हणजे हजार माणसांना ते काम आपले वाटते, हे कर्व्यांचे गणित. हेच गणित त्यांनी आयुष्यभर मांडले.

१८९१ साल त्यांच्या आयुष्यातले वळणाचे ठरले. त्या साली त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच साली गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. लोकमान्य टिळक सोडून गेल्यामुळे ती जागा रिकामी झाली होती. तेथे त्यांनी १९१४ पर्यंत अध्यापन केले. पत्नीच्या निधनानंतर दुसरा विवाह करायचा तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई ही लग्नानंतर थोड्याच महिन्यांत विधवा झालेली होती. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील ती पहिली विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. सारे त्यांना बाया म्हणत.

विवाहानंतर कर्वे सपत्नीक मुरूडला गेले तेव्हा गावाने सभा भरवून त्यांना वाळीत टाकले. ज्या गावाला त्यांनी देवळात वर्तमानपत्र वाचून दाखवले, ज्या गावासाठी फंड जमवला, त्याच गावात आपल्या आईच्या घरी राहण्याची त्यांना चोरी झाली. परंतु त्यांनी गावाला शिव्या दिल्या नाहीत आणि फंडही बंद केला नाही.

विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी त्यांनी १८९३ साली स्थापन केली. तथापि थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आले की विवाह लावून दिल्याने फार थोड्यांचा प्रश्न सुटतो. बाई स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, आणि त्याला शिक्षणावाचून दुसरा उपाय नाही. म्हणून १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि आपल्या शिलकीतले एक हजार रुपये त्यास दिले. पुढे प्लेगमुळे आश्रम पुण्याबाहेर हिंगणे येथे गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या माळरानावर १९०० साली एक झोपडी उभी राहिली. कॉलेजातले तास संपले की कर्वे चिखलातून, काट्याकुट्यांतून, डोक्यावर सामान घेऊन हिंगण्याची वाट चालत. तेथे मुलींना शिकवीत, रात्री मुक्काम करीत आणि सकाळी पुन्हा कॉलेजात हजर होत.

येथे बायांची आठवण न करणे अन्यायाचे होईल. कर्व्यांनी आपल्या विम्याची पाच हजारांची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. घरात मुले लहान, पुढची सोय काही नाही. बायांना राग आला, आणि तो यावा हे स्वाभाविकच होते. थोर पुरुषाच्या त्यागाची अर्धी किंमत त्याच्या बायकोने चुकवलेली असते, हे आपण चरित्रे वाचताना विसरतो. बाया रडत बसल्या नाहीत. त्या नागपूरला आल्या, सुईणीचे शिक्षण घेतले आणि घरखर्चाला हातभार लावला. कर्व्यांच्या विचारांची पहिली परीक्षा त्यांच्याच घरात झाली आणि ती बायांनी उत्तीर्ण केली, असे मला वाटते. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा होत्या. त्या आश्रमात आल्या, शिकल्या आणि आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या. पुढे त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या.

आता एक गोष्ट अशी लिहावयाची आहे की जी गौरवपर लेखांतून सहसा येत नाही. ती टाळली तर हा लेख खोटा होईल. आश्रम आरंभी ब्राह्मण विधवांपुरताच होता. विठ्ठल रामजी शिंदे आपली बहीण जनाक्का हिला घेऊन कर्व्यांकडे आले असता तिला प्रवेश मिळू शकला नाही. आश्रमाला मदत करणारे लोक बिथरतील आणि आहे ते कामही बंद पडेल, अशी कर्व्यांना भीती होती. ती भीती अगदीच निराधार नसेलही. पण साताऱ्याहून परत पाठवलेला तो मुलगा आता स्वतः दारात उभा होता आणि दुसऱ्या कोणाला परत पाठवीत होता! जनाक्का पुढे दुसरीकडे शिकल्या. मात्र हा प्रसंग वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. मी त्या काळी असते तर मलाही हिंगण्याच्या वाटेने परत फिरावे लागले असते.

आश्रमाच्या पाठोपाठ १९०७ साली महिला विद्यालय निघाले. कुमारिकांनाही शिक्षण मिळू लागले. पुढचा टप्पा मात्र अनपेक्षित रीतीने आला. बनारसचे शिवप्रसाद गुप्त जपानला जाऊन आले होते. तेथील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांनी कर्व्यांकडे पाठवली. हे विद्यापीठ जिन्झो नारुसे यांनी १९०१ साली टोकियोत काढले होते. कर्व्यांनी पुस्तिका प्रथम चाळून बाजूला ठेवली. १९१५ साली मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि भाषणात काय सांगावे याचा विचार करताना त्यांनी ती पुन्हा उघडली. त्या भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. आपल्याकडे त्या वयात माणसे पेन्शनीचा हिशेब करतात.

विद्यार्थी मित्रहो, येथून पुढचा भाग मी आपणापैकी प्रत्येकाने वाचावा असे म्हणेन. त्या काळी विद्यापीठ म्हणजे सरकारने काढावयाची वस्तू होती. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने तर सिनेटमधील बहुसंख्य सभासद नेमण्याचा अधिकार कुलपतींकडे, म्हणजे पर्यायाने सरकारकडे गेला होता. विद्यापीठाने काय शिकवावे हे विद्यापीठात शिकणारे, शिकवणारे किंवा त्याला पैसे देणारे लोक ठरवीत नसत. कर्व्यांनी उलट वाट धरली. आधी त्यांनी आपली योजना लिहून देशातील विचारवंतांकडे पाठवली आणि त्यांची मते मागवली. मग मतदारसंघ तयार केले. जो पदवीधर वर्षाला पाच रुपये देईल तो मतदार. पदवी नसलेला कोणीही वर्षाला दहा रुपये देईल तर तोही मतदार. या मतदारांनी सिनेटचे सभासद निवडावेत आणि सिनेटने विद्यापीठ चालवावे, अशी ही घटना होती. मुंबई इलाख्यात स्त्रियांना कायदेमंडळाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क १९२१ साली मिळाला हे लक्षात घेतले, म्हणजे १९१६ सालच्या या योजनेचे मोल कळते.

अर्थात त्या वेळी दहा रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे. शेतात राबणाऱ्या माणसाला ती परवडण्याजोगी नव्हती. तेव्हा हे सर्वांचे विद्यापीठ होते असे म्हणणे धाडसाचे होईल. पण विद्यापीठाचे भवितव्य ठरवायला पदवीच हवी असे नाही, आस्था असली तरी पुरे, हे तत्त्व त्या दहा रुपयांत होते. मुरूड फंडाचेच हे मोठे रूप.

मते मागवली की मतभेदही येतात. मातृभाषेतून उच्च शिक्षण हे कर्व्यांच्या योजनेचे पहिले सूत्र होते. ते गांधीजींना मनापासून पटले. परंतु इंग्रजी हा विषय आवश्यक असावा असे कर्वे म्हणत, आणि तो ऐच्छिक ठेवावा असा गांधीजींचा आग्रह. कर्वे आपल्या मतावरून हटले नाहीत. गांधीजींनीही मतभेद आहे म्हणून हात आखडता घेतला नाही. त्यांनी वार्षिक दहा रुपये देऊन योजनेला पाठिंबा दिला. दोन मोठी माणसे एका मुद्द्यावर भांडून दुसऱ्या मुद्द्यावर एकत्र काम करतात, हे दृश्य आज दुर्मीळ झाले आहे.

अभ्यासक्रमावर टीकाही पुष्कळ झाली. आरोग्यशास्त्र, गृहजीवनशास्त्र यांना त्यात मानाचे स्थान होते आणि गणित ऐच्छिक होते. ज्याने तेवीस वर्षे गणित शिकवले त्या प्राध्यापकाने आपलाच विषय ऐच्छिक ठेवावा, ही गंमतच म्हणायची! स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम शिक्षण, असे टीकाकार म्हणत. आज विचार करता हा आक्षेप मला बराचसा पटतो. बाईने घर सांभाळायचे हे गृहीत धरूनच तो अभ्यासक्रम आखला होता. परंतु मातृभाषेचे सूत्र मात्र मला शंभर टक्के पटते. खेड्यातून आलेल्या ज्या मुलामुलींनी इंग्रजी पुस्तकाचे पहिले पान उघडून निमूटपणे मिटले आहे त्यांना याचे कारण सांगायला नको.

३ जून १९१६ रोजी पुण्यात सिनेटची पहिली सभा भरली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलगुरू झाले आणि रँग्लर परांजपे उपकुलगुरू; आज या पदांना आपण कुलपती आणि कुलगुरू म्हणतो. महाविद्यालयात पहिल्या वर्षी बोटांवर मोजण्याइतक्याच विद्यार्थिनी होत्या. १९१९ साली वारूबाई शेवडे या पहिल्या पदवीधर झाल्या. पदवीचे नाव होते गृहीतागमा, म्हणजे जी. ए. या पदवीला सरकारची मान्यता नव्हती. ती घेऊन नोकरीच्या दारात गेल्यास ते उघडेलच याची शाश्वती नव्हती. तरीही मुली येत राहिल्या. विद्यापीठ केवळ संस्थापकाच्या त्यागावर उभे राहत नाही. अमान्य पदवी घेण्याचे धाडस करणाऱ्या विद्यार्थिनींवरही ते उभे राहते.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली. साडेतीन टक्क्यांप्रमाणे तिचे वर्षाचे व्याज बावन्न हजार पाचशे रुपये होई. त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला देण्यात आले. तेव्हापासून ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. ही देणगी आली नसती तर विद्यापीठ कदाचित टिकले नसते. परंतु मोठ्या देणगीबरोबर मोठ्या अटीही आल्या. पुढे विठ्ठलदासांच्या पश्चात त्यांचे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात वाद होऊन व्याज थांबले. १९३५ साली तडजोड झाली आणि १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईला गेले. हजार माणसांचा एकेक रुपया आणि एका माणसाचे पंधरा लाख यांतला फरक या वादाने दाखवून दिला. संस्थेला दोन्ही लागतात, पण पहिल्याने संस्थेला माणसे मिळतात आणि दुसऱ्याने इमारती.

कर्वे मात्र झोळी घेऊन फिरतच होते. १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, ते जगाच्या प्रवासास निघाले. युरोपात शिक्षण परिषदांना गेले, बर्लिनमध्ये आइन्स्टाईन यांना भेटले, अमेरिकेत फिरले आणि परतताना जपानला जाऊन ज्या विद्यापीठाच्या पुस्तिकेने त्यांना प्रेरणा दिली ते प्रत्यक्ष पाहून आले. त्यानंतर आफ्रिकेचा दौरा केला. तेथील हिंदी व्यापाऱ्यांकडून आणि नोकरदारांकडून त्यांनी वर्गणी जमवली.

१९३६ च्या सुमारास त्यांनी ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे प्राथमिक शाळा काढणारे मंडळ सुरू केले. आपल्या सत्तर रुपये पेन्शनीतले पंधरा रुपये ते दरमहा त्याला देत. आणि १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी जातिभेदाच्या विरुद्ध समता संघ स्थापिला. जनाक्काला परत पाठवल्याची खंत त्यांना होती की नाही, हे मी कोण सांगणार? पण ज्या वयात माणसे आपल्या जुन्या कामाचा गौरव ऐकण्यात रमतात त्या वयात हा वृद्ध आपल्याच कामातील उणीव भरून काढायला निघाला होता, एवढे खरे. मला विद्यापीठाच्या संस्थापकापेक्षा हा शहाऐंशी वर्षांचा म्हातारा अधिक मोठा वाटतो.

१९५१ साली महिला विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली. स्थापनेपासून पस्तीस वर्षे लोटली होती. १९५५ साली कर्व्यांना पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न हा सन्मान मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात वयाच्या एकशे चौथ्या वर्षानंतर त्यांची प्राणज्योत मालवली.

आता आपल्याकडे वळू. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. गेल्या वर्षी एका शिबिरात आमच्या हाती एक कागद देण्यात आला. पुढील काही वर्षांत शिक्षणसंस्था कशी असावी याविषयी विद्यार्थ्यांनी आपले मत लिहावे, असे त्यावर छापले होते. शेजारच्या मैत्रिणीने काय लिहू म्हणून विचारले. आम्ही दोघींनी थंड पाण्याची टाकी आणि पंखे एवढेच लिहिले. त्या वेळी त्यात काही चुकले असे वाटले नाही. पाणी हवे, पंखेही हवेत. पण आम्हाला काय शिकवावे, कोणत्या भाषेत शिकवावे, आमच्या शेतीला आणि आमच्या गावाला या शिक्षणाचा काय उपयोग व्हावा, हे आम्ही लिहू शकतो अशी कल्पनादेखील आमच्या मनाला शिवली नाही. कागद गोळा झाले. पुढे त्यांचे काय झाले हे विचारायला आम्हीही गेलो नाही.

आपल्या अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ साली झाली, आणि बुलडाणा जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्रत्येक विद्यापीठाने पाच वर्षांचा बृहत् आराखडा तयार करावयाचा असतो. कोणत्या भागात कोणते शिक्षण हवे याचा विचार त्यात व्हावा अशी अपेक्षा आहे. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधी असतात. म्हणजे कर्व्यांनी १९१६ साली जो मतदार पैसे मागून आणि हिंडून तयार केला तो आज कायद्यानेच दिला आहे. मात्र त्यासाठी पदवीधराने आपले नाव नोंदवावे लागते. आपल्यापैकी किती जण पदवी घेतल्यावर नाव नोंदवणार आहेत? आणि ज्यांच्या कष्टाच्या पैशावर आपली फी भरली जाते त्या आपल्या आईवडिलांचे मत कोणता कागद विचारणार आहे? पदवी नसलेल्या माणसालाही आस्थेच्या बळावर मत देता यावे, ही कर्व्यांची कल्पना तर आज कायद्यातही नाही.

ताराबाईंनी बुलडाण्यातून प्रश्न विचारला होता. कर्व्यांनी पुण्यातून त्याचे उत्तर द्यायला घेतले. ते अपुरे होते, आणि ते अपुरे आहे हे त्यांनीच वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी आपल्या कृतीने मान्य केले. उरलेले उत्तर लिहिण्याचे काम आता आपले आहे. पुढच्या वेळी तसा कागद माझ्या हाती आला तर मी त्यावर पाण्याच्या टाकीखाली आणखी चार ओळी लिहीन, आणि कागद देण्यापूर्वी घरी नेऊन आईला वाचून दाखवीन. देवळात बसून गावाला वर्तमानपत्र वाचून दाखवणाऱ्या त्या मुलाला माझे हेच अभिवादन.